खाणीतून खोलीपर्यंत : बंद जागेतल्या ज्योतीचा इतिहास

उत्तर भारतात थंडी वाढली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी ठरल्यासारखी येते. कुटुंब रात्री दारे-खिडक्या लावून झोपले, सकाळी कोणी दार उघडले नाही, आत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा हीटर सापडला. कारण म्हणून शेवटी दोन शब्द असतात : ‘गुदमरून मृत्यू’. महाराष्ट्रात हीच बातमी न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या रूपाने येते आणि तिथे पुष्कळदा कारण छापले जाते ‘गॅस गळती’. पहिले कारण अपुरे आहे. दुसरे बहुतेक वेळा चुकीचे आहे. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. बंद जागेतल्या ज्योतीने माणूस नेमका कशाने मरतो, हे सव्वाशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने मोजून सिद्ध केले होते, आणि त्यासाठी त्याला प्रथम मृत्यूच्या नोंदीतले चुकीचे कारण खोडावे लागले होते.

जानेवारी २०२० मधली घटना अनेकांना आठवत असेल. केरळमधून नेपाळला गेलेल्या पर्यटकांपैकी आठ जण दामन या सुमारे २३०० मीटर उंचीवरच्या ठिकाणी एका खोलीत मृतावस्थेत सापडले. त्यांत चार मुले होती. कडाक्याची थंडी होती म्हणून खोलीत गॅसचा हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. स्फोट झाला नव्हता, आग लागली नव्हती. त्या खोलीत फक्त एक ज्योत जळत होती.

ही उचलून कुठेही नेता येणारी ज्योत, म्हणजे सिलिंडरवर चालणारा सुटा हीटर, उत्तर अमेरिकेत ओळखीची. तिथल्या घराला जोडून मोटारीचे गॅरेज असते आणि पुष्कळ घरांत तेच हौशी कारागिराचे कामाचे ठिकाण होते : एका भिंतीला लाकूडकामाचे टेबल, दुसरीकडे पाने-पकडी, मध्ये अर्धवट उघडलेले इंजिन. घर तापवणारी व्यवस्था सहसा गॅरेजपर्यंत पोहोचत नाही. बाहेर बर्फ असताना तिथे हातोडी धरणेही नकोसे होते. अशा वेळी प्रोपेनचा सिलिंडर आणि त्यावर बसवलेला हीटर हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. वीज लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही, दोन मिनिटांत ऊब मिळते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही हे दृश्य परिचयाचे असेल.

या कामासाठी प्रोपेनच का, याचे उत्तर त्याच्या उत्कलनबिंदूत आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून गोठलेल्या गॅरेजातही तो सिलिंडरमधून वायुरूपात बाहेर येत राहतो. ब्युटेनचा उत्कलनबिंदू मात्र उणे अर्ध्या अंशाच्या आसपास आहे. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये या दोघांचे मिश्रण असते. लडाखच्या हिवाळ्यात सिलिंडर जड लागतो आणि शेगडी मात्र पेटत नाही, त्याचे कारण हेच : ब्युटेन तळाशी द्रवरूपात बसून राहतो.

इंधन म्हणून प्रोपेनची ओळख १९१० च्या सुमाराची. मोटारीत भरलेले पेट्रोल आपोआप उडून जाते, अशी तक्रार वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाकडे आली. त्याने उडून जाणारा भाग वेगळा केला, तेव्हा त्यात प्रोपेन, ब्युटेन आणि त्यांचे भाऊबंद निघाले. १९१३ मध्ये त्याला या वायूंना द्रवरूप देण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. स्नेलिंग काम करत होता त्या संस्थेचे नाव इथे महत्त्वाचे आहे : अमेरिकेचा खाण विभाग, ‘ब्यूरो ऑफ माइन्स’. कोळशाच्या खाणींत शेकडो कामगार मरत होते म्हणून १९१० मध्येच हा विभाग स्थापन झाला होता. गॅरेजमधल्या हीटरचे इंधन अशा रीतीने खाणीच्या सुरक्षेसाठी नेमलेल्या माणसाच्या हातून आले. त्या हीटरच्या धोक्याचे शास्त्र तर त्याच्याही आधी खाणीतच तयार झाले होते.

इंग्लंडमधल्या फेलिंग येथील खाणीत १८१२ मध्ये स्फोट होऊन ९२ माणसे मेली. खाणीत साचणारा मिथेन आणि कामगाराच्या हातातला उघडा दिवा यांची ती गाठ होती. तीन वर्षांनी, १८१५ मध्ये, हम्फ्री डेव्हीने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवलेला दिवा तयार केला. जाळी उष्णता शोषून घेते, म्हणून आतली ज्योत बाहेरच्या वायूला पेटवू शकत नाही. शाळेत आपण इथपर्यंत शिकतो. कामगारांनी मात्र या दिव्याकडून आणखी एक काम करून घेतले. हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी चढते, आणि ऑक्सिजन कमी झाला की ज्योत मंदावते. नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांच्या आसपास उतरला की ती विझते. माणूस बेशुद्ध पडण्याआधी दिवा विझतो. उजेडाचे साधन अशा प्रकारे हवेचे मापक झाले.

पण या मापकाला एक वायू दिसत नव्हता. खाणीत स्फोट झाला की नोंदीत ‘भाजून’ किंवा ‘धक्क्याने’ मृत्यू असे लिहिले जाई. साउथ वेल्समधल्या टायलर्सटाउन येथे जानेवारी १८९६ मध्ये झालेल्या स्फोटानंतर जॉन स्कॉट हाल्डेन हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ तिथे गेला आणि त्याने मृतदेह तपासले. बऱ्याच जणांच्या अंगावर प्राणघातक म्हणावी अशी जखम नव्हती. काही जण स्फोटाच्या जागेपासून दूर सापडले होते. त्वचेवर मात्र विचित्र गुलाबी झाक होती आणि रक्त चेरीसारखे लाल होते. ती कार्बन मोनॉक्साइडची खूण होती. हा वायू हिमोग्लोबिनला घट्ट धरतो, हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० च्या दशकातच दाखवले होते. हाल्डेनने सरकारला दिलेल्या अहवालात निष्कर्ष मांडला : स्फोटात मेलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आगीने मेलेले नाहीत, तर अर्धवट ज्वलनातून निर्माण झालेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले आहेत.

हे तो इतक्या ठामपणे सांगू शकला, कारण आदल्याच वर्षी त्याने हा वायू स्वतःवर आजमावला होता. मोजलेल्या प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा तो श्वासावाटे घेत असे, मधूनमधून स्वतःचे रक्त काढून तपासत असे, आणि चालताना पाय कधी अडखळतात, दृष्टी कधी अंधुक होते, याची मिनिटांनिशी नोंद करत असे. रक्तातले जवळपास निम्मे हिमोग्लोबिन या वायूने व्यापेपर्यंत त्याने प्रयोग ताणले. त्याच्या नोंदींतली एक गोष्ट आजही सर्वांत महत्त्वाची आहे : बसून असताना फारसे काही जाणवत नाही. धाप लागत नाही, घुसमट होत नाही. उठायला गेले की पाय साथ देत नाहीत, आणि संकटाची जाणीव होते तोवर निर्णयशक्तीच गेलेली असते.

‘गुदमरून’ हा शब्द अपुरा का, ते इथे कळते. गुदमरणारा माणूस धडपडतो, कारण रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदू गजर वाजवतो. कार्बन मोनॉक्साइड हा गजर वाजू देत नाही. फुप्फुसात हवा येते-जाते आणि रक्त लाल दिसते, पण हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटलेला असल्यामुळे ऑक्सिजन पेशींपर्यंत पोहोचतच नाही. करोनाकाळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसवतात. त्यांना या दोन प्रकारच्या लाल रक्तांतला फरक ओळखता येत नाही, म्हणून विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही ते उत्तम दाखवू शकतात.

हाल्डेनने उपायही सुचवला. लहान प्राण्यांचा श्वसनाचा वेग जास्त असतो, म्हणून त्यांच्यावर या विषाचा परिणाम माणसाच्या कितीतरी आधी होतो. त्यातूनच खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटिश खाणींत ती १९८० च्या दशकापर्यंत टिकली.

या हाल्डेनचा मुलगा आपल्या परिचयाचा आहे. जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी काम केले, भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. लहानपणी वडिलांबरोबर खाणीत उतरल्याची एक आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. वडिलांनी त्यांना एका ठेंगण्या बोगद्यात उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला सांगितले. छताशी मिथेन साचला होता. काही ओळींतच मुलगा धापा टाकू लागला, त्याच्या पायांतले बळ गेले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा चांगली असल्याने तो लगेच सावरला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हा धडा त्याला असा मिळाला.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून चार आकडे लक्षात ठेवता येतात. हवेचे सरासरी रेणुभार २९. मिथेन १६, म्हणून तो छताशी जातो. प्रोपेन ४४, म्हणून गळती झाली तर तो जमिनीवर पसरतो आणि गाडीखाली उतरण्यासाठी केलेल्या खड्ड्यात साचतो. कार्बन मोनॉक्साइड २८, म्हणजे जवळपास हवेइतकाच. तो वर जात नाही, खाली बसत नाही, सगळ्या खोलीत सारखा मिसळतो. प्रोपेनची गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे मर्कॅप्टन घातलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही. ‘गॅस गळती’ हे शीर्षक घातक ठरते ते यामुळे. ते वाचलेला माणूस आपल्या घरात वास घेऊन पाहतो, वास येत नाही म्हणून निर्धास्त होतो आणि खिडकी बंद करतो. गळती नसलेल्या, रेग्युलेटर उत्तम असलेल्या, निळ्या ज्योतीने पेटलेल्या उपकरणानेही ही विषबाधा होऊ शकते. ती कशी, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो. त्यातून ३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि १.६ किलो पाणी तयार होते. मध्यम आकाराचा सुटा हीटर अडीच किलोवॅटच्या आसपास उष्णता देतो, म्हणजे ताशी सुमारे १९० ग्रॅम प्रोपेन जाळतो आणि जवळपास ७०० ग्रॅम ऑक्सिजन खातो. एका मोटारीच्या गॅरेजात पन्नासेक घनमीटर हवा असते व त्या हवेत सुमारे १५ किलो ऑक्सिजन. गॅरेज पूर्ण हवाबंद मानले, तर ऑक्सिजन २०.९ वरून १८ टक्क्यांवर यायला तीन तास लागतील. दहा बाय दहाच्या शयनगृहात हेच सव्वा ते दीड तासात होईल. प्रत्यक्षात फटींतून हवा येत असल्याने वेळ वाढतो, पण दिशा तीच राहते. शिवाय तासाला तीनशे ग्रॅम पाण्याची वाफ हवेत जाते आणि थंड लोखंडावर दव बनून बसते. अशा गॅरेजातल्या हत्यारांना गंज चढतो, तो याच हिशेबाचा दृश्य पुरावा आहे.

पुढची गोष्ट हिशेबाहून घातक आहे. ऑक्सिजन भरपूर असताना चांगल्या बर्नरमधून कार्बन मोनॉक्साइड नगण्य निघतो. हवा उतरू लागली की ज्वलन अर्धवट राहते आणि या वायूचे प्रमाण वाढू लागते. बर्नरमध्ये धूळ किंवा लाकडाचा भुसा अडकला, किंवा ज्योत थंड पृष्ठभागाला टेकली, तर ते आधीच वाढते. हीटर स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढतो आणि प्रत्येक फेरीत अधिक वाईट जळतो. म्हणून पहिला तास बिनधोक गेला यावरून तिसरा तास तसाच जाईल असे अनुमान काढता येत नाही. ‘काल रात्री तर काही झाले नाही’ हे वाक्य या विषयात पुरावा म्हणून चालत नाही.

यावर विसाव्या शतकात निघालेला उपाय पुन्हा खाणीतल्या दिव्याकडेच गेला. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या या युक्तीत मुख्य बर्नरशेजारी एक छोटी ज्योत असते. तिला मिळणारी हवा अगदी नेमकी ठेवलेली असते. ती थर्मोकपलला, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या जोडाला, तापवते. जोड तापला की काही मिलिव्होल्ट विद्युतदाब निर्माण होतो. हा परिणाम झेबेकने १८२१ मध्ये शोधला होता. त्या दाबावर एक विद्युतचुंबकीय झडप उघडी राहते. ऑक्सिजन १८ टक्क्यांकडे उतरला की छोटी ज्योत लांबते, आपल्या जागेवरून उचलली जाते, जोड थंड होतो, झडप मिटते आणि गॅस बंद होतो. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. डेव्हीच्या दिव्यात ज्योत विझणे माणसाने पाहावे लागे. इथे ज्योत स्वतःच आपला पुरवठा तोडते. अमेरिकेत १९८० च्या दशकापासून धुराडे नसलेल्या घरगुती गॅस हीटरांना ही सोय सक्तीची झाली.

तरी या साक्षीदाराच्या दोन मर्यादा आहेत. एक, तो ऑक्सिजन पाहतो, कार्बन मोनॉक्साइड पाहत नाही. मुख्य बर्नर घाण असेल आणि छोटी ज्योत स्वच्छ, तर खोली विषारी होत असतानाही तो स्वस्थ राहू शकतो. दोन, तो समुद्रसपाटीजवळच्या हवेसाठी घडवलेला आहे. अशा काही हीटरांच्या पुस्तिकेतच लिहिलेले असते की ७००० फुटांच्या, म्हणजे सुमारे २१०० मीटरच्या वर उपकरण आपोआप बंद पडू शकते. दामन त्याहून उंच आहे. लेह ३५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशाहून कमी असतो. गॅरेजसाठी घडलेली सुरक्षा जशीच्या तशी हिमालयात नेता येत नाही.

भारतात हा प्रश्न आता मोठा होण्याचे कारण एका चांगल्या गोष्टीत आहे. १९५५ च्या सुमारास मुंबईत बर्मा-शेलने घरगुती सिलिंडर आणला, तेव्हा ती मोजक्या शहरी घरांची चैन होती. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आज देशात तीस कोटींहून अधिक घरगुती जोडण्या आहेत. चुलीच्या धुरातून सुटलेल्या घरात इंधन हाताशी आहे, तेव्हा थंडीत त्यावर हीटर आणि न्हाणीघरात गीझर लावणे स्वाभाविकच. पण चूल धूर दाखवत असे, डोळे चुरचुरत, म्हणून घराला झरोका असे. निळ्या ज्योतीने तो झरोका अनावश्यक भासवला. गीझरचे तर इतके रुग्ण आले की भारतीय वैद्यकीय लेखनात ‘गॅस गीझर सिंड्रोम’ ही संज्ञाच रूढ झाली.

हिमालयातल्या लष्करी चौक्यांत हाच शत्रू रॉकेलवर चालणाऱ्या ‘बुखारी’च्या रूपात होता. जानेवारी २०२१ मध्ये ‘डीआरडीओ’च्या दिल्लीस्थित शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेने, ‘डिपास’ने, ‘हिमतापक’ ही नवी बुखारी जाहीर केली. ज्योत उलटून होणारे अपघात आणि कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा टाळणे हे तिचे घोषित उद्दिष्ट होते, आणि सैन्याने तिची ४२० कोटींहून अधिक रुपयांची मागणी नोंदवली होती. पुढच्याच महिन्यात सोनम वांगचुक यांनी सैनिकांसाठी सूर्याच्या उष्णतेवर तापणारा तंबू दाखवला. त्यांनी दिलेल्या नोंदीनुसार रात्री दहाला बाहेर उणे १४ अंश असताना आत १५ अंश तापमान होते. एका उपायात ज्योत सुधारली, दुसऱ्यात ती काढूनच टाकली. दोन्हींमागे एकच स्पष्ट निदान होते : आतल्या माणसाचा शत्रू केवळ थंडी नाही, ज्वलनातून निघणारा वायूही आहे. सैनिकांसाठी हे निदान नेमके केले गेले म्हणून त्यावर संशोधन झाले. नागरिकांच्या मृत्यूवर मात्र आपण अजून ‘गुदमरून’ लिहून थांबतो.

हाल्डेनच्या अहवालाचा धडा मला यातच दिसतो. नोंदीत ‘भाजून’ असे लिहिले जात होते तोवर सारे लक्ष आगीवर राहिले. कारण बदलले तेव्हा पिंजऱ्यातला पक्षी आला आणि बचावाची साधने आली. आपल्याकडे शवविच्छेदनात रक्तातले कार्बोक्सिहिमोग्लोबिन तपासले जावे आणि तो आकडा बातमीत यावा. असे झाले तर हीटर किंवा गीझर विकत घेणारा माणूस दुकानात वेगळा प्रश्न विचारील.

तोवर आपल्या हातात असलेल्या गोष्टी साध्या आहेत. पेटता हीटर ठेवून झोपू नये. गॅरेज असो वा खोली, ज्योत जळते तिथे हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन वाटा उघड्या असाव्यात. गीझर न्हाणीघराच्या बाहेर असावा किंवा त्याचे धुराडे बाहेर काढलेले असावे. पेट्रोल, थिनर आणि भुसा यांच्याजवळ ज्योत नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा गजर घरात लावावा. कॅनरीचे काम आज तो करतो. एकाच खोलीतल्या दोघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळू लागले, तर सर्दी-पित्त समजून पडून राहू नये. आधी मोकळ्या हवेत यावे आणि रुग्णालयात गेल्यावर हीटर किंवा गीझर चालू होता हे डॉक्टरांना सांगावे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

आणि या हिवाळ्यात तशी बातमी पुन्हा वाचनात आली, तर तिच्याखाली हळहळ व्यक्त करण्याबरोबर एवढे जरूर विचारा : त्या ज्योतीचा वायू बाहेर जायला वाट कुठे होती?